१६ वर्षांच्या अनुभवावर डिग्री मिळते का? की येड्यात काढतायत?

शॉपफ्लोअर_चाकण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा बार्शीकडचा. २००६ ला दहावी, मग दोन वर्षं आयटीआय फिटर, एक वर्ष अप्रेंटिस, आणि तिथून आजपर्यंत चाकण एमआयडीसीतच, एकाच कंपनीत १६ वर्षं. मशीन शॉपला लागलो तेव्हा जॉब (मशीनवरचे पार्ट) उचलून ठेवायचं काम होतं, मग ऑपरेटर, मग सेटर, आता ५ वर्षं झाली लाइन सुपरवायझर. रिजेक्शन, टूल चेंज, ऑडिट आलं की कागदं, पोरांच्या सुट्ट्या सगळं मीच बघतो. नवीन इंजिनिअर पोरं येतात त्यांना पहिले दोन-तीन महिने माझ्याकडेच पाठवतात, मायक्रोमीटरचं रीडिंग कसं घ्यायचं इथपासून सुरुवात असते, आणि दीड वर्षाने तीच पोरं मला मेल टाकतात की काल प्रॉडक्शन कमी का झालं. असो.

यंदा असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, प्लांट हेडनी स्वतः माझं नाव दिलं, आणि एचआरने फाइल परत पाठवली. ग्रॅज्युएशन कंपल्सरी. विषय संपला.

तर आता मुद्दा. कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नंबर टाकला होता त्यावर बोललो. तो माणूस म्हणतो सर तुम्हाला कॉलेजला जायची गरजच नाही, नवीन शिक्षण धोरणात अनुभवाला क्रेडिट मिळतं, १६ वर्षं म्हणजे तुमचे क्रेडिट ऑलरेडी फुल आहेत, आपण फक्त ते डिग्रीत कन्व्हर्ट करायचे. परीक्षा नाही, ४५ दिवस, ८५ हजार, त्यातले २५ आधी. आणि मार्कशीट २०१६ ते १९ ची मिळेल म्हणे म्हणजे जुनी दिसते. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) अप्रूव्हड आहे असं तीन वेळा म्हणाला. बायको म्हणते ते २५ हजार खोलीच्या हप्त्यात भरा. पण मला राहून राहून वाटतंय की पेपरात तर मी पण वाचलंय अनुभवाला क्रेडिट वगैरे, मग हा अगदीच खोटं बोलतोय असं पण नाही ना? कुणाला खरी माहिती असेल तर सांगा. टोमणे मारले तरी चालतील पण माहिती द्या.

निवांत_नागपूरकर

टोमण्यापासूनच सुरुवात करतो मग. अमेरिकेत २००९ मध्ये एका पग जातीच्या कुत्र्याला अशीच 'लाइफ एक्सपिरियन्स'वर एमबीए मिळाली होती. खरंच, शोधून बघा. डिग्र्यांची चौकशी करणाऱ्या एका वेबसाइटने मुद्दाम कुत्र्याच्या नावाने अर्ज टाकला, पैसे भरले, आणि मार्कशीटसकट डिग्री घरपोच. आणि २०१५ मध्ये कराचीतली एक कंपनी पकडली गेली, तिच्याकडे अशा शेकडो युनिव्हर्सिट्यांच्या नुसत्या वेबसाइट होत्या, मागे ना कॉलेज ना मास्तर, फोन उचलणारी पोरं फक्त.

तुमचा ४५ दिवसवाला त्यांचाच मावसभाऊ दिसतोय. यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत आमच्या नागपूरचं पण एक नाव वर्षानुवर्षं आहे, तेव्हा लांबचंच असतं असं नाही.

केंद्रसंयोजक_ताई

दादा, मी मुक्त विद्यापीठाच्या (नाशिकचं, यशवंतराव चव्हाण) एका अभ्यासकेंद्रावर १२ वर्षं काम करते, तुमच्यासारखे लोक दर वर्षी माझ्या टेबलासमोर बसतात आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या खिशात असलाच कुठला तरी नंबर असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

त्या माणसाने एक खरी गोष्ट घेतलीय आणि तिला खोटं शेपूट जोडलंय. खरी गोष्ट म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्रेडिट आराखडा काढला. त्यात शाळा, आयटीआय, कॉलेज, स्किल कोर्स सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं ठरलं. ३० तासांचं शिकणं म्हणजे १ क्रेडिट, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. तीन वर्षांच्या डिग्रीला त्या हिशोबाने १२० होतात. आणि हो, त्यात अनुभवाचा पण विचार केलाय. पण कसा ते नीट बघा. तुम्ही एखादा कोर्स केला असेल आणि त्याच कामात अनुभव असेल तर त्या कोर्सच्या क्रेडिटला अनुभवाचं वजन लागतं, जास्तीत जास्त दुप्पट, ते पण सात वर्षांच्या वर अनुभव असेल तर. आणि त्यासाठी मूल्यमापन द्यावंच लागतं. परीक्षा, प्रात्यक्षिक, काहीतरी. नुसतं अनुभवपत्र दाखवून शून्य. म्हणजे "परीक्षा नाही" हे वाक्य ज्या क्षणी तो बोलला तिथेच तुम्ही फोन ठेवायला हवा होता.

शिवाय आराखडा आहे म्हणून प्रत्येक विद्यापीठाला तुमचे क्रेडिट घ्यावेच लागतात असंही नाही, ते त्या त्या विद्यापीठाने आपल्या नियमात आणायला लागतं. आणि समजा घेतले तरी फिटरचे क्रेडिट बी.कॉम.मध्ये कसे बसणार? ते प्रॉडक्शनच्या बी.व्होकसारख्या (कामाच्या कौशल्यावरची पदवी) कोर्सात बसतील. लोक इथेच गोंधळतात. तसंच ते स्किल इंडियाचं आरपीएल (आधीच येत असलेल्या कामाची पावती) सर्टिफिकेट. कंपनीत येऊन थोडं ओरिएंटेशन, एक असेसमेंट आणि सर्टिफिकेट. ते चांगलंच आहे हो, प्लंबर, वायरमन, शिवणकामवाल्या बायकांना त्याचा उपयोग होतो, पण ती डिग्री नाही आणि कुणी तसं म्हटलेलंही नाही.

आता "यूजीसी अप्रूव्हड". डिग्री कुणी द्यायची हे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ मध्ये लिहिलंय. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस. एजंट, अकॅडमी, कौन्सिल, इंटरनॅशनल अमुकतमुक यांना तो अधिकारच नाही. विद्यापीठ खरं असेल तरी घरबसल्या कोर्सची वेगळी परवानगी लागते, ती यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या वेबसाइटवर वर्षावार आणि कोर्सवार आहे, मोबाइलवर पाच मिनिटांत बघून होते.

आणि मागच्या तारखेची मार्कशीट म्हणजे सरळसरळ बनावट कागद. त्यात क्रेडिटचा काही संबंध नाही.

तुमचा रस्ता वेगळा आहे आणि तो बंद नाहीये, तो नंतर लिहिते, आत्ता केंद्रावर गर्दी आहे.

माजी_हवालदार_सातारा

राम राम. मी १७ वर्षं फौजेत सिग्नल्सला (संदेशवहनाला) होतो. आमच्याकडे ही अनुभवावर डिग्रीची भानगड फार जुनी आहे म्हणून सांगतो.

फौजेत दहावी पास जवानाची १५ वर्षं सर्व्हिस झाली की ग्रॅज्युएशन समकक्ष धरतात. गावात लोकांना वाटतं फौजीला पेन्शनसोबत डिग्री पण मिळते. मला पण तसंच वाटायचं, मी तर लग्नपत्रिकेत भावाने नावापुढे बी.ए. छापलं तरी काही बोललो नाही. पण ते समकक्ष म्हणजे काय तर केंद्र सरकारच्या ग्रुप सी च्या जागांना, बँकेत क्लार्कला वगैरे, जिथे ग्रॅज्युएट मागितलाय तिथे माजी सैनिक अर्ज करू शकतो. एवढंच. पात्रतेची सूट आहे ती, डिग्री नाही. मला हे कळलं कधी, तर रिटायर झाल्यावर एलएलबी करायचं डोक्यात आलं, एका कॉलेजात ते सर्टिफिकेट घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या पोरीने उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं काका यात सेमिस्टर कुठे आहेत. काय बोलणार. मग गुपचूप इग्नूला (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) बी.ए. टाकलं आणि ४१ व्या वर्षी पास झालो. असाइनमेंट हाताने लिहायच्या होत्या, बोटं दुखायची, रायफलने कधी दुखली नव्हती.

आता अग्निवीर पोरांचं जरा बरं आहे. इग्नूने त्यांच्यासाठी वेगळी डिग्री काढलीय, त्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे आणि निम्मे अभ्यासाचे. माझा पुतण्या करतोय. तिथे पण निम्मं बसून वाचावंच लागतं बरं का, त्याला वाटलं होतं परेडवर पास होईल.

सांगायचं हे की जिथे सरकार स्वतः अनुभवाला मान देतं तिथेसुद्धा पूर्ण डिग्री फुकट देत नाही, तर तो व्हॉट्सॲपवाला कोण लागून गेला.

एडिसनची_मुलगी

(मुलगी नाही खरं तर ४८ ची आहे, पण न्यू जर्सीत एडिसन गावात राहते म्हणून हे नाव.)

मला थोडी दुसरी बाजू मांडायचीय कारण वरती सगळं वाचून असं वाटेल की अनुभवाला क्रेडिट हा प्रकारच बोगस. तसं नाहीये, मी स्वतः घेतलेत. मुलुंडला एका सीएच्या ऑफिसात ९ वर्षं अकाउंट्स केले होते, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलं. इकडे आल्यावर मुलं मोठी झाल्यावर परत सुरू केलं.

इथे मोठ्या वयाच्या नोकरदारांसाठीच काढलेली सरकारी कॉलेजं आहेत, आमच्याच राज्यात ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट आहे, १९७२ पासून. अशा ठिकाणी दोन वाटा असतात. एक म्हणजे क्लेपसारख्या परीक्षा. फायनान्शियल अकाउंटिंग तुम्हाला येतंय ना, मग वर्गात बसू नका, दीड तासाची परीक्षा द्या, पास झालात की त्या विषयाचे क्रेडिट मिळाले. मी अशा तीन दिल्या. दुसरी वाट पोर्टफोलिओची, आणि मजा तिथेच आहे.

माझ्या कॉलेजात (नाव सांगत नाही) मी पेरोल अकाउंटिंग या विषयासाठी पोर्टफोलिओ लिहिला. पहिल्या खेपेला १४ पानं लिहिली, मी ९ वर्षं पगारपत्रक केलं, ६० माणसांचं केलं, पीएफ भरला, ईएसआय भरला, साहेब खूश होते, सोबत जुन्या बॉसचं पत्र. परत आलं. प्रोफेसरने एकच ओळ लिहिली होती, त्याचा अर्थ असा की तुम्ही काय काय करत होतात ते कळलं, आता तुम्हाला काय काय येतं ते लिहा. आधी राग आला मग दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला. त्या विषयाचा अभ्यासक्रम समोर ठेवला, त्यातला एकेक मुद्दा घेतला, आणि प्रत्येकाखाली लिहिलं की हे मला येतं, कसं येतं, का तसंच करायचं असतं, कुठे चुकले होते आणि ती चूक कशी शोधली. एकदा एका माणसाचा ओव्हरटाइम दोनदा धरला गेला होता तो मी तीन महिन्यांनी पकडला होता, ते सगळं आकड्यांसकट लिहिलं. तेव्हा कुठे ३ क्रेडिट मिळाले. आणि डिग्रीला लागतात १२०.

एकच काम ९ वर्षं केलं आणि पहिल्याच वर्षी शिकून झालं असेल तर इथे क्रेडिट त्या एका वर्षाचंच मिळतं, उरलेल्या आठांना कुणी विचारत नाही. दादा तुमच्याकडे बघून वाटतं तुमच्याकडे खूप आहे, तुम्ही पोरांना शिकवता म्हणजे तुम्हाला 'का' माहीत आहे. पण तिकडून बसून इथली डिग्री घ्यायच्या फंदात पडू नका, डॉलरमध्ये परवडणार नाही आणि परत भारतात समकक्षतेचं सोपस्कार वेगळं.

एचआर_वाला_पण_माणूस

मी पलीकडच्या बाजूचा आहे, रांजणगावला एचआरमध्ये, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

ती फाइल परत करणाऱ्याच्या हातात बहुतेक काही नसतं, ग्रेडला लागणारी पात्रता वरून ठरून आलेली असते, सिस्टिममध्ये डिग्रीचा रकाना रिकामा असेल तर प्रमोशनचं पत्रच निघत नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण बनावट डिग्रीचं काय होतं ते सांगतो. आम्ही मार्कशीट बाहेरच्या एजन्सीला देतो, ती थेट विद्यापीठाला लिहिते. तिथे नाव नसलं की संपलं. समजा एजंटने आतल्या माणसाला धरून तिथलं पण मॅनेज केलं, तरी तुमची हजेरी आमच्याकडे आहे हो! २०१६ ते १९ तुम्ही आमच्याकडे तीन शिफ्टमध्ये पंच मारत होता, पीएफ कापला जात होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या राज्यात रेग्युलर कॉलेजला होता? एकाने असं केलं होतं आमच्याकडे. चांगला कामाचा माणूस, १३ वर्षं सर्व्हिस. प्रमोशन राहिलं बाजूला, चौकशी लागून नोकरी गेली. त्याच्या बायकोचा फोन मीच घेतला होता, तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

उलट करा. तुमच्या एचआरला एक मेल टाका, साधा मेल, की अमुक ग्रेडसाठी कुठली डिग्री चालेल, मुक्त विद्यापीठाची बी.ए./बी.कॉम. चालेल का, की टेक्निकलच हवी, आणि मी ॲडमिशन घेतलं तर माझी केस होल्डवर ठेवता येईल का. लेखी उत्तर घ्या. बऱ्याच ठिकाणी नुसतं "कोणतीही पदवी" असतं. नाहीतर तीन वर्षं बी.ए. करायचं आणि मग कळायचं की त्यांना डिप्लोमा चालला असता.

जुना_भोसरीकर

माझ्या वडिलांनी टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) असताना एएमआयई केलं होतं, म्हणजे इंजिनिअर्सच्या संस्थेची बाहेरून द्यायची परीक्षा. ड्युटी करून रात्री अभ्यास, सेक्शन ए, सेक्शन बी, कितीतरी वर्षं लागली. त्या काळी कामगाराला इंजिनिअर व्हायचा तो राजमार्ग होता. यांनी ते करावं का?

केंद्रसंयोजक_ताई

@जुना_भोसरीकर नका सुचवू आता. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच त्याची सरकारी समकक्षता आहे. आणि कुणी घरबसल्या बी.ई. देतो म्हणाला तरी लांब राहा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांना दणका दिला होता, २००१ ते २००५ ला ॲडमिशन घेतलेल्या लोकांच्या डिग्र्या स्थगित झाल्या आणि नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झालेल्या माणसांवर परत परीक्षा द्यायची वेळ आली. त्या डिग्र्या तर खऱ्या विद्यापीठांच्या होत्या.

आता चाकणवाले दादा, तुमचा रस्ता. तुमची सगळ्यात मोठी चूक ही की तुम्ही स्वतःला दहावी पास समजताय. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालाय तुमचा, तो वाया गेलेला नाही. भाषा विषयांचे पेपर देऊन बारावीची समकक्षता घ्यायची सोय आहे, तुमच्या जुन्या आयटीआयत जाऊन प्राचार्यांच्या ऑफिसात विचारा, तेच सांगतील तुमच्या वर्षाच्या बॅचला काय काय लागेल. बघा, हेच तर क्रेडिट! तुम्ही शिकलात, परीक्षा दिलीत, ते मोजलं जातंय. ते हातात आलं की बी.ए. किंवा बी.कॉम. तीन वर्षं, रविवारी संपर्कसत्र, पुस्तकं मराठीत, आणि फी त्या ८५ हजारांच्या आसपासही जात नाही.

दुसरा रस्ता टेक्निकलचा. दहावी अधिक दोन वर्षं आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अडचण ही की रेग्युलर असतो. पण एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२३ पासून नोकरदारांसाठी संध्याकाळच्या किंवा सोयीच्या वेळेच्या बॅचला परवानगी दिलीय, सगळ्या कॉलेजांत नाही, त्यात किमान एक वर्ष नोकरी आणि कंपनी कॉलेजपासून ठराविक अंतरात अशा अटी आहेत. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला चौकशी करा. शिफ्ट फिरती असेल तर मात्र साहेबांना आधीच विचारा, तीन महिन्यांत सोडणारे मी खूप बघितलेत, हुशारीने नाही, नाइट शिफ्टने मारलेले.

कुठेही ॲडमिशन घ्या, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा सरकारी ओळख क्रमांक) काढून ठेवा. क्रेडिट बँकेत तुमचे क्रेडिट जमा होतात, मध्येच सोडावं लागलं तरी सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

आणि बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी कोर्सवरून थेट पदवी असं कुणी जुना माणूस सुचवेल. पूर्वी ते खूप जणांनी केलंय, पण पुढे "बारावी कुठाय" म्हणून अडवलेले पण मला माहीत आहेत. तुम्हाला गरज नाही, त्या वाटेने जाऊ नका.

शॉपफ्लोअर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फर्स्ट शिफ्टला होतो म्हणून उशीर.

एचआरला मेल टाकला. उत्तर आलं, "कोणतीही मान्यताप्राप्त पदवी, किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमा". म्हणजे डिप्लोमा चालतो! १६ वर्षांत हे कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. यंदाची जागा गेली ती गेली, ती नवीन पोराला दिली, तो कालच विचारत होता की फिक्श्चरचा लोकेटिंग पिन कितीवर बदलायचा.

एजंटचा परत फोन आला, ८५ वरून ६० वर आलाय. मी त्याला विचारलं यात मूल्यमापन कोण करणार. म्हणाला सर ते सगळं आम्ही बघतो. ठेवला फोन.

एडिसनच्या ताईंचं वाचून रात्री सहज वही घेऊन बसलो, मला काय काय येतं ते लिहायला. सुरुवातीला लिहिलं 'मशीन सेटिंग' आणि पुढे काही सुचेना. मग आठवलं की २०१९ ला एका पार्टवर बोअर (आतलं भोक) ओव्हल येत होता, सगळे टूल बदलत बसले होते आणि चूक चकच्या (जॉब धरणाऱ्या पकडीच्या) जबड्यात होती, प्रेशर जास्त होतं म्हणून पातळ भिंत दबायची आणि सोडल्यावर जॉब परत फुगायचा. ते का होतं ते लिहायला गेलो तर दोन पानं झाली. क्रेडिट मिळो न मिळो, बरं वाटलं.

ताई एक शंका. आयटीआयचं ओरिजनल सर्टिफिकेट गावी ट्रंकेत आहे आणि त्यावर माझं नाव वडिलांच्या नावाशिवाय आहे, आधारवर पूर्ण आहे, चालेल का? आणि बायको म्हणते तिला पण बारावी करायचीय, तिची दहावी झालेली आहे, १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म अजून मिळतो का?

केंद्रसंयोजक_ताई

मिळतो की, बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइनच भरायचा असतो. तारखा बघून लवकर भरायला सांगा, नंतर लेट फी लागते. नावासाठी आधी ट्रंक उघडून सर्टिफिकेटचा फोटो काढा, मग आयटीआयतच दुरुस्तीचा अर्ज द्या, आत्ताच करा, ॲडमिशनच्या वेळी रांगेत उभं राहून नाही. आणि तुम्ही दोघं एकाच वेळी अभ्यासाला बसणार असाल तर टीव्हीचं रिचार्ज बंद करा आधी.

माजी_हवालदार_सातारा

बायकोला जास्त मार्क पडणार, आत्ताच सांगून ठेवतो.